अंगावर काढलेले दिवस

मित्रांनो, खाली वाकून बघाल तरच मी तुम्हाला दिसेन. यवतला महामार्गालगत रक्त तपासण्याची एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे लोक बसतात त्या बाकाखाली, चपलांच्या मागे, मी पडलेली असते. माझा निळा रंग उडाला आहे आणि झाकणाची एक कडी तुटली आहे. मी बर्फाची पेटी आहे, आता जुनी झालेली. माझ्यावर एक आळ आला आहे आणि तो खोटा आहे. आळाचं दुःख मी एक वेळ गिळलं असतं. पण लोकांनी तो खरा मानला, त्याची मला भीती वाटते. ती का वाटते, ते सांगायला आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म रांजणगावच्या एका कारखान्यात झाला. मला दोन भिंती आहेत आणि त्यांच्या मधे फेस भरलेला आहे. बाहेरचं ऊन आत घ्यायचं नाही आणि आतला गारवा बाहेर सोडायचा नाही, एवढीच माझी विद्या. माणसं जन्मभर शिकतात आणि शेवटी विसरतात. मला एकच गोष्ट येते, पण ती पक्की येते.

माझे पहिले धनी भांडगावचे म्हस्कू आप्पा. ते सायकलच्या मागे मला दोरीने बांधत आणि माझ्यात गारेगार भरून बाजार फिरत. लाल, पिवळं, काळ्या जांभळासारखं. त्यांनी घंटा वाजवली की पोरं शाळेच्या कुंपणावरून उड्या टाकत. "आप्पा, हे विरघळलंय, दुसरं द्या," असं सांगून अर्धं खाल्लेलं बदलून मागणारी कार्टीही होती. आप्पा हसत आणि माझ्यावर थाप मारून म्हणत, "माझ्या पेटीत विरघळत नसतंय काय. तुझ्या तोंडात विरघळलं." त्या थापेने मला केवढा अभिमान वाटायचा. उन्हाळ्यात, भर दुपारी, डांबर मऊ झालेलं असताना मी माझा गारवा राखून होते.

मग कोरोना आला. शाळा बंद, बाजार बंद. आप्पांची घंटा खुंटीला लागली. त्याच दिवसांत या प्रयोगशाळेतला सतीश गावोगाव नमुने गोळा करत फिरत होता आणि त्याला पेटी मिळत नव्हती. आप्पांनी मला धुतलं, पुसलं आणि त्याच्या हवाली केलं. "पोरांसाठी गार ठेवलं, आता आजाऱ्यांसाठी ठेवील," म्हणाले. मी मोटारसायकलच्या मागे बसले आणि माझ्या पोटात गारेगारच्या जागी नळ्या आल्या.

तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. एखाद्याचा शेजारी सकाळी आजारी निघायचा, आणि हा संध्याकाळी नाकात काडी घालून घ्यायचा. तपासणी निगेटिव्ह यायची. मग तो खुशाल चार घरी चहा पिऊन यायचा. तीन-चार दिवसांनी घसा धरला की पुन्हा तपासणी, आणि आता पॉझिटिव्ह. लोक म्हणत, तपासणीच खोटी. प्रयोगशाळेत रक्त तपासणारी माया होती. ती वैतागून म्हणायची, "पेरल्या पेरल्या शेतात जाऊन उगवलं का बघायचं, आन् न्हाई दिसलं की बी खोटं म्हणायचं." मला तिचं बोलणं पटायचं. तपासणी विचारलेल्या वेळेचंच उत्तर देते. वेळ चुकली की उत्तरही चुकतं, आणि त्यात तिचा खोटेपणा नसतो.

कोरोना ओसरला, पण माझं काम सुटलं नाही. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका लागतो. पलीकडच्या गावांतले लोक रक्त तपासायला सतीशलाच फोन करत. दर भाद्रपदात डेंग्यूचे ताप निघायचे आणि आमच्या फेऱ्या वाढायच्या. अशाच एका भाद्रपदात, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, आम्ही वडगाव रासाईला सारजाबाईंच्या घरी गेलो.

घर चांगलं खातंपितं. अंगणात ट्रॅक्टर, ओट्यावर पाण्याची पिंपं. थोरला मुलगा विश्वजीत रांजणगावला कंपनीत कामाला होता. त्याची बायको सुलक्षणा माजघरात खाली अंथरुणावर पडली होती. धाकटी जाऊ सारिका तिच्या उशाशी बसली होती. सुलक्षणाची मुलगी सायली, सहावीत शिकणारी, दाराला टेकून उभी होती. सतीशने मला उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ताप कवापासून हाय?"

उत्तर सारजाबाईंनी दिलं. सासूबाई त्या. घरातली सगळी उत्तरं त्याच देत. "कालपासून. काल आडवी झाली बगा. परवापत्तुर उभी व्हती. सगळ्या गवरी हिनं एकटीनं केल्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, दारात आलेल्या समद्या सवाष्णींना वाढलं. अंगात ताप असता तर येवढं झालं असतं का?"

मित्रांनो, सारजाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या घरात, आणि आमच्या सगळ्या भागातच, बाईचा ताप ती अंथरूण धरते त्या दिवसापासून मोजतात. उभी आहे तोवर ती बरी. सारजाबाईंचे स्वतःचे ताप त्यांच्या सासूने असेच मोजले असतील.

सतीशने रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, ती माझ्यात ठेवली आणि हात धुवायला अंगणात गेला. सारजाबाई त्याच्यासाठी चहा टाकायला आत वळल्या. झाकण अजून उघडंच होतं. तेव्हा सारिका खाली वाकून कुजबुजली, "ताई, सांगू का त्यास्नी? गवरी आणल्या तवाच तुमचं अंग भाजत व्हतं. माझ्याम्होरं दुकानातल्या गोळ्या खाल्ल्या तुमी."

"गप," सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज कसाबसा निघत होता. "आत्याबाईंला कळलं तर म्हनतील, ताप अंगात घिऊन निवद केला, सवाष्णींना वाढलं. आता झालं ना समदं. काय फरक पडतोय दोन दिसानं."

सारिका गप्प बसली. थोरल्या जावेने गप म्हटलं होतं. सतीश आत आला आणि त्याने झाकण लावलं.

फरक पडतो. मला तो माहीत होता, कारण माया तो सतीशला चहा पिताना समजावून सांगायची. डेंग्यूची दोन कार्डं असतात. ताप नवा असेल तर रक्तात विषाणूचाच अंश सापडतो, एक कार्ड तो शोधतं. ताप जुना झाला की तो अंश कमी कमी होत जातो. मग शरीराने विषाणूशी लढायला जी प्रतिद्रव्यं तयार केलेली असतात ती दिसू लागतात, दुसरं कार्ड ती शोधतं. नव्या तापाचं कार्ड जुन्या तापाला लावलं तर विषाणू हाताशी असून निसटू शकतो. म्हणून तर ताप कधीपासून हे आधी विचारायचं.

पुलावरून येताना मोटारसायकल खड्ड्यात आदळत होती. मी माझं झाकण किती आपटलं. सतीशला वाटलं, कडी सैल झाली. त्याने थांबून ती घट्ट केली. माझ्याजवळ खरी गोष्ट होती आणि मला तोंड नव्हतं. इतकी वर्षं मला कधी तोंड नसल्याचं दुःख झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

"ताप कधीचा?" मायाने विचारलं.

"कालचा," सतीश म्हणाला.

तिने नव्या तापाचं कार्ड घेतलं, थेंब टाकले आणि वाट पाहिली. एकच रेघ उमटली. ती रेघ कार्ड ठीक चाललं आहे एवढंच सांगते. दुसरी उमटली नाही. सतीशने विश्वजीतला फोन लावला. "निगेटिव्ह हाय दादा. पण लक्ष ठिवा, त्रास वाढला तर परत दाखवा." फोनवरचा निःश्वास मला इथवर ऐकू आला. पुढचं वाक्य त्याने ऐकलं की नाही, देव जाणे. निगेटिव्ह हा शब्द ऐकला की त्यापुढचं माणसाच्या कानात शिरत नाही.

पुढचं मला मागाहून सतीशच्या बोलण्यातून कळलं. दुसऱ्या दिवशी सुलक्षणाचा ताप उतरला. तुम्ही म्हणाल, चांगलं झालं. घरच्यांनाही तसंच वाटलं. विश्वजीत कामावर गेला. सुलक्षणा उठून भांड्यांना बसली. पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा घात व्हायचा धोका असतो. तिचं पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या. सारजाबाई म्हणाल्या, पित्त झालं असेल, रिपोर्ट तर चांगला आहे. त्या चांगल्या रिपोर्टने त्यांना एक अख्खा दिवस धीर दिला, आणि तोच एक दिवस हातात होता.

त्यानंतरच्या दुपारी एक जीप आमच्या दारात थांबली. पुण्याला निघाली होती. मागच्या सीटवर सुलक्षणा होती, डोकं सारिकाच्या मांडीवर. विश्वजीत धावत आत आला. "तुमी निगेटिव्ह म्हनला व्हता," तो म्हणाला. ओरडला नाही. त्याला कुणीतरी अजूनही तेच सांगावं, असं वाटत होतं. माया बाहेर पळाली. तिने सुलक्षणाचे हात धरून पाहिले, ते गार पडले होते. "थांबू नका," ती म्हणाली, "आधी निघा." जीप गेली. सुलक्षणाच्या हिरव्या बांगड्या खिडकीच्या काचेला टेकलेल्या मला दिसल्या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला.

दहावं-तेरावं झाल्यावर विश्वजीत पुन्हा आला, एकटाच. त्याला भांडायचं नव्हतं. त्याला कारण हवं होतं. "मंग तुमच्या तपासणीनं काय दावलं?" त्याने विचारलं. माया बोलायला गेली, पण प्रयोगशाळेच्या मालकांनी तिला हाताने थांबवलं. त्यांचा धंदा होता, नाव होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "कार्ड चांगलंच असतं हो," ते म्हणाले. "पेटी जुनी झालीय. रस्त्यात रक्त तापलं असणार. आम्ही नवी पेटी मागवलीय."

विश्वजीतने मला उचललं. "ही व्हय?" तो म्हणाला. त्याने झाकण उघडून आत बघितलं. किती तरी वेळ बघत राहिला. आत काहीच नव्हतं. मला गारेगार मागणाऱ्या पोरांच्या नजरा माहीत होत्या, ही नजर मला नवी होती. त्याने मला खाली ठेवलं, आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, मी शपथेवर सांगते, त्या दिवशी माझ्यातला बर्फ वितळला नव्हता. रक्त थंड होतं. कार्ड नवं होतं, मायाचा हात नेटका होता. चुकला होता तो तापाचा दिवस. पण पेटी बदलली की सगळं निस्तरलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नवी पांढरी पेटी आली, तिला आतला गारवा दाखवणारे आकडे आहेत. मी बाकाखाली गेले. माझ्यात जुनी वर्तमानपत्रं भरली आणि माझ्यावर येणाऱ्यांच्या चपला चढल्या. त्याचं मला काही नाही. पण मी रोज ऐकत होते. "ताप कवापासून?" "कालपासून." "आजच आलाय." बायांच्या तोंडचा ताप नेहमी कालचाच. माझ्या जिवाचं पाणी होत होतं. आजाराला जीव घ्यायला वाट मोकळी होती, आणि सगळे नव्या पेटीचे आकडे बघून निश्चिंत होते.

आणि मग, सहामाही परीक्षा संपत आल्या होत्या तेव्हा, ते घर पुन्हा दारात आलं. विश्वजीतच्या खांद्यावर सायली होती. मागे सारजाबाई, त्यांच्या मागे सारिका. पोरीचे डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. ती बाकावर, अगदी माझ्या वर, टेकून बसली. तिचे पाय माझ्या झाकणाला लागले. प्लास्टिकमधूनही मला चटका बसला.

"ताप कवापासून?" सतीशने विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आजच," सारजाबाई म्हणाल्या. गौरींनंतर त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. "साळंतनं गुरुजींचा फोन आला, पोरगी पेपर लिवता लिवता पडली. सकाळी तर चांगली डबा घिऊन गेली."

मायाने कार्डाचं पाकीट उचललं. तेच, नव्या तापाचं. मी पेटी आहे मित्रांनो, मला देव ठाऊक नाही, पण त्या क्षणी मी ज्याला म्हणून साकडं घालता येईल त्याला घातलं. कुणीतरी बोला. पाकीट फाडल्याचा आवाज आला.

"थांबा," सारिका म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीला टेकली होती आणि पदराचं टोक पिळत होती. "आजचा न्हाई ताप. लई दिवस झालं. परीक्षा सुरू व्हायच्या आदीपासनं. ताई गेल्यापासनं माझ्यापाशीच निजती ती. रातीला अंग भाजतंय. म्या इचारलं, तर म्हनली, काकी, आज्जीला सांगू नगंस, माझे पेपर हायत. म्या गोळ्या दिल्या. उतरंल वाटलं."

"आन् मला सांगितलं न्हाईस?" सारजाबाई म्हणाल्या.

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती थांबली नाही. "ताईंचं बी सांगितलं न्हाई, आत्याबाई. गवरी आणल्या तवापासनं त्यांना ताप व्हता. ह्ये रक्त न्यायला आले तवा मी तिथंच बसले व्हते. ताई गप म्हनल्या, मी गप बसले. मग त्या गेल्या, मंग कशी सांगनार? समदे पेटीला नावं ठिवत व्हते. मला वाटलं, ऱ्हाऊ द्या, पेटीचंच ऱ्हाऊ द्या."

विश्वजीत भिंतीला धरून खाली बसला. सारजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याच घरात मला कोन सांगत न्हाई का गं काय?"

"तुमी कवा इचारलं, आत्याबाई?" सारिका म्हणाली. "सैपाक झाला का, येवढंच इचारता."

मायाने फाडलेलं पाकीट बाजूला ठेवलं. तिने दुसरं कार्ड काढलं आणि रक्ताच्या पेशी मोजायला वेगळी नळी भरली. या कार्डावर दोन रेघा उमटल्या. पेशी फार उतरल्या होत्या. यावेळी कुणी फोनची वाट पाहिली नाही, कुणी पित्त म्हटलं नाही. सायली तासाभरात दौंडच्या दवाखान्यात सलाईनवर होती. नंतरचे काही दिवस मी दर वेळी सतीशचा फोन वाजला की घाबरायचे. चवथ्या की पाचव्या दिवशी त्याने फोन ठेवला आणि मायाला म्हणाला, "जेवली म्हनं. वरणभात मागून खाल्ला." मायाने नळ सोडला आणि तोंड धुतलं.

सायली वाचली. सुलक्षणा परत आली नाही. एकीचा दिवस खरा सांगितला गेला आणि दुसरीचा सांगितला गेला नाही, एवढाच दोघींमधला फरक.

माझ्यावरचा आळ मात्र गेला नाही. मालक अजूनही येणाऱ्याला सांगतात, पूर्वी जुनी पेटी होती, आता सगळं नवीन आहे. सांगू देत. सतीशने मात्र आपला प्रश्न बदलला आहे. तो आता ताप कधीपासून, असं विचारून थांबत नाही. "अंग पहिल्यांदा कवा कसकसलं? मंगळवारच्या बाजाराच्या आदी का मागनं? त्या दिवशी जेवण गेलं व्हतं का? दुकानातली गोळी कवा घेतली?" असं विचारतो. आणि बाई आजारी असेल तर घरच्यांना बाहेर बसवून तिलाच विचारतो. काही सासवांना राग येतो. त्याला चालतो.

मुलांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणत नाही. मला खुशाल भंगारात द्या. माझं एवढंच ऐका. निगेटिव्ह या शब्दावर झोपी जाऊ नका, माणूस बरं दिसत नसेल तर पुन्हा डॉक्टरकडे न्या. आणि आज शाळेतून घरी गेलात की दप्तर ठेवायच्या आधी आईच्या कपाळाला हात लावा. ती म्हणेल, काही नाही रे, चुलीपुढं होते म्हणून तापलंय. तिचं ऐकू नका. हात तसाच थोडा वेळ ठेवा.